'कॉय' हा शब्द मराठीत कसा आणायचा

इंग्रजी-मराठी कोशात सी-ओ-वाय ही तीन अक्षरं शोधली की समोर 'लाजाळू, संकोची, विनयशील' अशी रांग दिसते आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. कराड, वाई, मिरज, सांगली, कुठल्याही कॉलेजातला इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचला. 'द न्यू स्टुडंट इज कॉय, सो ही डझ नॉट आस्क क्वेश्चन्स' अशा धाटणीचं वाक्य सापडायला वेळ लागत नाही. व्याकरण चोख, शब्द चुकलेला. तो पोरगा बुजरा आहे. कॉय असता तर त्याला प्रश्न विचारायचा असता, हात अर्धा वर करून त्याने खाली घेतला असता आणि सरांनी ते पाहिलं की नाही यावर एक डोळा ठेवला असता.

आधी उच्चाराचं उरकून घेऊ. 'बॉय', 'टॉय' यांच्या चालीवर 'कॉय' म्हणायचं. 'कोय' म्हणू नका, कोय आंब्यात असते. क्रियाविशेषण 'कॉयली', नाम 'कॉयनेस'. तुलना करताना 'कॉयर' आणि 'कॉयेस्ट' ही रूपं शुद्धच आहेत, फक्त 'कॉयर' म्हटलं की ऐकणाऱ्याला काथ्याची पायपुसणी आठवते, कारण काथ्याच्या इंग्रजी शब्दाचा उच्चारही नेमका तोच आहे. बोलताना म्हणून 'मोअर कॉय' सोयीचं पडतं.

आता अर्थ. एखादं वागणं कॉय आहे की नाही हे ठरवायला तीन खुणा बघायच्या. मनात इच्छा आहे का? ती वरकरणी आवरून धरली आहे का? आणि ती आवरून धरल्याचं समोरच्याला कळावं अशी फट ठेवली आहे का? पहिल्या दोन खुणा नुसत्या लाजण्यातही सापडतात. सगळा फरक तिसरीत आहे.

ही तिसरी खूण आपल्याकडे कुठे दिसते? लग्न लावून वऱ्हाड परत येतं तेव्हा दारात. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, शालूला उपरण्याची गाठ, आणि नणंद दार अडवून उभी. "वैनी, नाव घ्या, तवाच आत सोडीन." नवरी म्हणते, "मला न्हाई बाई येत." मागून चुलत सासूबाई, "आगं घे की, हितं कोन परकं हाय?" पुन्हा, "न्हाई ओ, खरंच." एवढ्यात पदराचं टोक बोटाला दोनदा गुंडाळून झालेलं असतं, आणि एक नजर शेजारी जाऊन आलेली असते. नवरदेव बुटाच्या टोकाकडे बघत असतो. मग घसा साफ होतो आणि:

माहुलीच्या संगमावर कृष्णेला भेटली वेण्णा,
अमुकरावांचं नाव घेते, वन्सं आता वाट सोडा ना.

मध्ये एकही अडखळ नाही. म्हणजे उखाणा आठवडाभर आधीच पाठ होता. तोंडाने नकार, बोटांना चाळा, डोळ्यांनी अंदाज. यालाच कॉय म्हणतात. नकार किती वेळा द्यायचा याचंही माप ठरलेलं असतं. एकदाही 'नको' न म्हणता नाव घेतलं तर पोरगी आगाऊ ठरते, पाचव्यांदा 'नको' आलं तर मंडळी वैतागून जेवणाच्या पंगतीकडे वळतात. दोन किंवा तीन, बस.

आता याच प्रसंगात एकेक गोष्ट बदलून बघा. नवरीला खरंच एकही उखाणा येत नाही, कान लाल झालेत, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात आहे: ती 'शाय'. तिला उखाणा येतो, पण हा प्रकारच तिला पसंत नाही, आणि ती शांतपणे 'मी घेणार नाही' म्हणते: हा सरळ नकार, तिथे कॉय लावलात तर तिच्या शब्दाला तुम्ही खोटं पाडलंत. ती कंबरेवर हात ठेवून, मान उडवून म्हणते, 'आधी ओवाळणी काढा, मग बघू': हा नखरा, इंग्रजीत 'कॉकेटिश'. सोपी कसोटी हवी असेल तर खोलीतली बाकीची माणसं मनातल्या मनात बाहेर काढा. एकटं असताना माणूस एखाद्या आठवणीने लाजू शकतो. एकटं असताना कॉय होता येत नाही, कारण बघणाराच नसतो.

या शब्दाचे शेजारी नीट ओळखले की निम्म्या चुका जागेवर थांबतात. 'शाय' म्हणजे बुजरा, आणि ही जोडी फार नेमकी बसते. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सहज बिचकणारा' या अर्थाने येतो, आणि घोडा बुजला की इंग्रजीत आजही हेच क्रियापद वापरतात. आपण बुजरं वासरू म्हणतो आणि बुजरं पोरही म्हणतो, तोच प्रवास. 'मॉडेस्ट' म्हणजे विनयशील किंवा साधा, त्यात खेळ नाही. 'डिम्युअर' म्हणजे शालीन, खालमानेचा, पण हा शालीनपणा कधी कधी मुद्दाम धारण केलेला असतो, म्हणून तो कॉयच्या फार जवळ येतो. 'रेटिसंट' म्हणजे मितभाषी, हातचं राखून बोलणारा. आणि मराठीतला 'भिडस्त' हा कॉयचा बरोबर उलटा माणूस: भिडस्ताला नको असताना 'हो' म्हणावं लागतं, कॉय माणूस हवं असताना 'नको' म्हणतो. मुखदुर्बळ तर याहून वेगळा, त्याच्या मनात सगळं आहे पण तोंड उघडत नाही. या दोघांपैकी कुणालाही कॉय म्हणू नका.

'कॉकेटिश'ची एक गंमत सांगण्याजोगी आहे. फ्रेंचमध्ये 'कोक' म्हणजे कोंबडा. त्यापासून 'कोके', म्हणजे तुरा उभारून ऐटीत मिरवणारा छोटा कोंबडा, आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप 'कोकेत'. सतराव्या शतकात हे इंग्रजीत आलं. म्हणजे नखऱ्याचा शब्द मुळात पुरुषाच्या ऐटीवरून निघाला आणि पुढे बाईच्या गळ्यात पडला. कॉय आणि कॉकेटिश यांत गल्लत होते तेव्हा हे मूळ आठवावं: कॉकेटिशमध्ये आवाज आहे, तुरा आहे. कॉयच्या मुळाशी काय आहे ते आता पाहू.

कॉयचं मूळ शांततेत आहे. लॅटिनमध्ये 'क्विएतुस' म्हणजे विसावलेला, निवांत. बोलीतून झिजत झिजत हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये 'कोई' झाला, आणि चौदाव्या शतकात मध्ययुगीन इंग्रजीत 'कॉय' म्हणून उतरला. सुरुवातीला अर्थ होता शांत, गप्प, अबोल. फ्रेंचमध्ये तो अजून त्याच अर्थाने जिवंत आहे, फक्त उच्चार आता 'क्वा' असा होतो, आणि 'क्वा राहणे' म्हणजे चिडीचूप राहणे. इंग्रजीत मात्र त्याने पायरी पायरीने जागा बदलली. गप्प असलेला माणूस लाजरा वाटू लागला. लाजरा वाटणारा माणूस मुद्दाम अंतर ठेवतोय असं वाटू लागलं. मग मुद्दाम ठेवलेलं अंतर हाच मुख्य अर्थ झाला, आणि अगदी अलीकडे त्यातलं प्रेमबिम गळून नुसतं 'माहिती हातची राखणे' एवढंही उरलं. चारही थरांत एक गोष्ट टिकली: तोंड बंद.

आता प्रश्न असा पडतो की 'क्वायट' हा शब्दही त्याच 'क्विएतुस'पासून आलेला असताना दोन शब्द कशाला? मराठी माणसाला हे चटकन कळतं, कारण आपल्याकडे तत्सम आणि तद्भव अशा जोड्या पावलोपावली आहेत. 'क्वायट' थेट लॅटिनच्या वळणाचा, म्हणजे तत्समासारखा. 'कॉय' बोलीतून घासून आलेला, म्हणजे तद्भवासारखा. लज्जा आणि लाज, क्षेत्र आणि शेत. कधी कधी अशा जोडीत अर्थही वाटून घेतला जातो. गर्भिणी आणि गाभण एकाच घरातले, पण बाई गर्भिणी असते आणि म्हैस गाभण. अदलाबदल केलीत तर गोठ्यात नाही तरी घरात भांडण होईल. 'क्वायट' आणि 'कॉय' यांनीही तशीच वाटणी केली आहे, म्हणून शांत बसलेल्या माणसाला कॉय म्हणता येत नाही.

याच कुळात 'क्विट' आहे. 'क्विएतुस' म्हणजे निवांत, त्यावरून देण्यातून मोकळा, त्यावरून सोडून जाणे. १९४२च्या 'क्विट इंडिया'तला 'क्विट' तो हाच. ज्या जुन्या सातारा जिल्ह्याने क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार पाहिलं, तिथे हा शब्द कुणाला नवा नाही, फक्त लाडिक आढेवेढ्यांचा शब्द त्याचा चुलतभाऊ निघेल असं वाटत नाही. मृतासाठीच्या प्रार्थनेचा 'रेक्विएम'ही याच घरातला.

पूर्वी इंग्रजीत 'कॉय' क्रियापदही होता, अर्थ गोंजारणे, कुरवाळणे. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये परीराणी टायटानिया गाढवाचं डोकं बसलेल्या विणकराचे गाल कुरवाळते, तिथे हेच क्रियापद आहे. तिथे 'लाजते' असं भाषांतर केलंत तर गाढवाचाच विजय. इंग्रजी घेऊन एम.ए. करणाऱ्यांना हा शब्द हमखास भेटतो तो अँड्र्यू मार्व्हेलच्या १६८१ साली छापलेल्या 'टू हिज कॉय मिस्ट्रेस' या कवितेच्या नावात. तिथे दुहेरी खड्डा आहे. 'मिस्ट्रेस' म्हणजे त्या काळी प्रिया, रखेल नाही. आणि 'कॉय' म्हणजे सतत वायदे करणारी, 'आज नको, पुढे बघू' म्हणणारी. 'लाजऱ्या प्रियेस' म्हटलं की कवितेचा कणाच मोडतो, कारण कवीची तक्रार लाजेबद्दल नाहीच, वेळकाढूपणाबद्दल आहे.

दिसायला सारखे पण नात्यात नसलेले शब्द बाजूला काढून ठेवा. हौदातला रंगीत 'कोई' मासा जपानी, उच्चार इंग्रजीत कॉयसारखाच होतो, संबंध शून्य. 'डिकॉय', म्हणजे सावज ओढायला ठेवलेलं आमिष, हा डच भाषेतल्या 'पिंजरा' या अर्थाच्या शब्दावरून आला. कॉय माणूसही आमिष दाखवतो म्हणून ही जोडी पटण्यासारखी वाटते, पण व्युत्पत्ती अशी सोयीने लावायची नसते.

आणि आपल्या भागातला खास खड्डा फौजी कागदांचा. सातारा जिल्ह्यात अपशिंगेसारखं 'मिलिटरी' हेच आडनाव लावणारं गाव आहे, घरटी एक तरी फौजी, आणि पेटी उघडली की जुनी पत्रं निघतात. त्यात 'ए कॉय', 'बी कॉय', 'कॉय कमांडर' असं लिहिलेलं असतं. तो 'कंपनी' या शब्दाचा संक्षेप आहे, पायदळाच्या बटालियनमधली एक तुकडी. मोबाइलवरच्या भाषांतर-यंत्राला हे पत्र दिलंत तर आजोबा कधी लाजाळू तुकडीत होते, कधी लाजऱ्या कमांडरच्या हाताखाली. संक्षेप ओळखायची खूण सोपी: आधी एखादं इंग्रजी अक्षर किंवा नंतर हुद्दा असेल तर ती कंपनी.

आता इंग्रजीत वाक्य करताना. माणसाचं वर्णन असेल तर 'अ कॉय स्माइल', 'अ कॉय ग्लान्स' अशी जोडी सर्वांत सुरक्षित, कारण तिथे हावभाव कॉय आहे, अख्खं माणूस नाही. एखाद्या गोष्टीबद्दल असेल तर 'कॉय अबाउट' आणि पुढे ती गोष्ट: वय, पगार, भाव, बेत. मुद्दाम सोंग असेल तर 'प्ले कॉय'. उखाण्याचं वाक्य असं होईल: 'शी प्लेड कॉय फॉर अ मिनिट अँड देन रिसायटेड इट विदाउट अ स्लिप.' इथे 'प्लेड' हा शब्द काम करतो, तो काढलात तर तिला खरंच येत नव्हतं असं वाटेल.

बातम्यांत आज हा शब्द प्रेमापेक्षा राजकारण आणि बाजारात जास्त फिरतो. 'तुम्ही उभे राहणार का?' या प्रश्नाला 'पक्षश्रेष्ठी ठरवतील ते' असं उत्तर देणारा, आणि ते देताना मिशीतल्या मिशीत हसणारा नेता म्हणजे शंभर नंबरी कॉय. हळदीचा भाव विचारल्यावर 'आवक बघू, मग सांगू' म्हणणारा व्यापारीही त्यातलाच, बशर्ते भाव त्याच्या मनात ठरलेला असेल. खरंच माहीत नसेल तर तो कॉय नाही, तो नुसता सावध.

बायोडाटात मात्र हा शब्द अजिबात नको. लग्नाच्या बायोडाटात 'शालीन'साठी, नोकरीच्या अर्जात 'विनम्र'साठी कुणी तरी 'कॉय' लिहून देतं, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र उभं राहतं: ही व्यक्ती सरळ उत्तर देत नाही. शिवाय बाईने दिलेल्या नकाराला 'कॉय' म्हणणं म्हणजे तो नकार खरा नव्हता असं परस्पर ठरवून टाकणं. पोलीस तक्रार, कार्यालयीन अहवाल, डॉक्टरांची टिपणं यांत म्हणूनच तो वापरू नये. कथा-कवितेतही पात्राच्या मनातली इच्छा लेखकाने आधी दाखवलेली असेल तरच.

उरला सर्वांत अवघड भाग, मराठी करण्याचा. इथे बहुतेक जण विशेषण शोधत बसतात आणि 'लाजाळू'वर येऊन अडकतात. इंग्रजीने जे एका विशेषणात कोंबलं आहे, ते मराठी क्रियापदात खर्च करते. आढेवेढे घेणे, मुरका मारणे, लटकं रागावणे, नको नको म्हणणे, पत्ते उघडे न करणे, ताकास तूर लागू न देणे. म्हणून आधी वाक्यातलं विशेषण विसरा आणि विचारा: हे माणूस नेमकं करतंय काय? मान वळवतंय तर मुरका, बोलण्यात नकार आहे तर आढेवेढे, राग दाखवतंय तर 'लटका'. 'लटका' हे त्यातल्या त्यात कामाचं विशेषण आहे, पण ते माणसाला लावायचं नाही, भावाला लावायचं: लटका राग, लटका नकार. माणसाला लावलंत तर तो थापाड्या होईल.

याहून बारीक छटा हव्या असतील तर नाट्यशास्त्राकडे जावं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं आणि पुढे कितीतरी वर्षं मराठी रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषच करत आले. त्यांना लाज 'असून' चालत नव्हतं, ती मान, बोट, पापणी असे भाग पाडून 'करावी' लागे. नाट्यशास्त्रकार भरताने नायिकेच्या स्वभावज अलंकारांची, म्हणजे स्वभावातून उमटणाऱ्या हावभावांची, दहा नावं दिली आहेत, आणि त्यातले चार कॉयच्या अंगणातले. हव्या असलेल्या स्पर्शाला वरवर राग किंवा दुखल्याचा आव आणणे ते कुट्टमित. आवडती गोष्ट समोर आल्यावर तोऱ्यात बेपर्वाई दाखवणे ते बिब्बोक. प्रियकराचा विषय निघाला की न बोलता चाळ्यांमधून मन उघडं पडणे ते मोट्टायित. आणि बोलायची वेळ आली असताना लाजेने न बोलणे ते विहृत. शेवटचं खरं तर 'शाय'कडे झुकतं, पहिली तीन कॉयकडे. आपल्या नवरीचं पदर बोटाला गुंडाळणं हे मोट्टायित. संवादात ही नावं अर्थातच घालू नका, पात्र कीर्तनकारासारखं बोलू लागेल. पण भाषांतर करताना कॉय कोणत्या जातीचा आहे हे मनाशी ठरवायला ती उत्तम चाळणी आहे.

एक वाक्य पूर्ण करून पाहू: 'ही आस्क्ड हर टू सिंग, अँड शी वॉज कॉय अबाउट इट.' पहिला हात: 'त्याने तिला गायला सांगितलं आणि ती लाजली.' चूक, इच्छा दिसत नाही. दुसरा हात: 'त्याने तिला गायला सांगितलं, तिने नखरे केले.' आता इच्छा दिसते, पण आवाज चढला, कोंबड्याचा तुरा आला. तिसरा हात: 'त्याने गायला सांगितलं तशी ती आढेवेढे घेऊ लागली.' इथे थांबलात तरी चालेल. पण मागच्या परिच्छेदात तिने तंबोरा आधीच सुरात लावून ठेवल्याचं लेखकाने सांगितलं असेल, तर 'जराशी' घालायला विसरू नका: 'त्याने गायला सांगितलं तशी तिने जरासे आढेवेढे घेतले.' त्या 'जराशा'त तंबोऱ्याचा सूर ऐकू येतो.